पियानो राहू दे, म्हणे!

"कितवीत आहे नात?"

पुण्याच्या लष्कर भागातल्या त्या दुकानाचं काचेचं दार ढकलून मी आत शिरले आणि मला विचारलेला हा पहिला प्रश्न. समोर ओळीने काळेभोर डिजिटल पियानो मांडलेले. मी त्यांच्याकडे धड बघतेय न बघतेय, तोच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विक्रेता माझ्या गुडघ्यांकडे बघून खुर्ची पुढे करतो आणि नातीची इयत्ता विचारतो. मी काय बरोबर आणलेली पिशवी होते?

संताप झाला. आणि जास्त संताप याचा, की चूक त्याची नव्हतीच. घरी मीच पिल्लू सोडलं होतं, "नातीसाठी पियानो घेऊया." मुलाने दुकानात फोन करून तेच कळवलं होतं.

आमचे चिरंजीव हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत. बिबवेवाडीहून सकाळी सातच्या आत कंपनीची बस गाठतात आणि परतीला ट्रॅफिकला शिव्या देत उगवतात. काहीही घ्यायचं म्हटलं की त्याला तक्ता लागतो. मिक्सर घेतानाही केला होता. पियानोचा तर तीन पानी. तीन मॉडेलं, प्रत्येकाच्या पट्ट्यांचं वजन, एका वेळी किती सूर वाजतात, हेडफोनची भोकं किती, पॉलिश कसलं. प्रत्येकाला गुण दिलेले. सगळं होतं. 'वाजवणार कोण' एवढीच ओळ नव्हती.

ती ओळ त्याने तरी कुठून घालावी? मी बोलले असते तर ना!

ही खोड जुनी आहे. लग्न ठरलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि त्या मानानेही जरा जास्तच मूर्ख. मंडळी बघायला आली, तेव्हा मी पेटी वाजवून भूप गायले. गाण्याचा सूर आम्ही पेटीच्या पट्टीवरून सांगतो. माझा गळा काळी चारचा, पण बाईसाहेबांना पेटी यायची फक्त पांढरी एकमध्ये, कारण तिथून भूप वाजवला की एकाही काळ्या पट्टीला हात लावावा लागत नाही. पांढरी एक म्हणजे पुरुषांचा सूर. मी आपली घोगऱ्या आवाजात खाली खाली उतरत गेले. सासूबाई म्हणाल्या, "आवाज भारदस्त आहे हो मुलीचा!" पुढे दोन वर्षं मी सासरी भारदस्त बोलायचा प्रयत्न करत होते. दूधवाला घाबरायचा.

पण खरा गाढवपणा पुढचाच. सासरी निघताना वडील म्हणाले, "पेटी घेऊन जा." तर ही त्यागमूर्ती म्हणते, "राहू दे, भावाला लागेल." भावाने मागितली नव्हती. त्याला षड्ज आणि सायकलची घंटा यातला फरक कळत नव्हता. पण चार बायकांनी "किती समजूतदार!" म्हणावं, एवढ्यासाठी मी पेटीवर पाणी सोडलं. त्या पेटीवर तो इस्त्रीचे कपडे ठेवत आला. मध्यंतरी मी फोनवर चिडून म्हटलं, "अरे, निदान कपडे तरी उचल तिच्यावरचे!" तर म्हणतो, "ताई, हवी होती तर बोलायचंस ना." सत्तेचाळीस वर्षांनी सांगतोय, बोलायचंस!

असो. तोवर चिरंजीव, सूनबाई आणि नातही गाडी लावून दुकानात आले. मी पहिल्या पियानोसमोर बसले. उजवा हात पट्ट्यांवर गेला आणि डावा आपसूक मागे, भाता शोधायला. सूनबाई खुदकन हसल्या. "आई, याला भाता नसतो हो!" माहीत आहे मला. हाताला माहीत नव्हतं.

त्या पहिल्याच्या पट्ट्या कॅल्क्युलेटरच्या बटणांसारख्या. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तोच. दुसरा तक्त्यातला पहिल्या नंबरचा. एवढी चकाकी, की त्यात मला माझी हनुवटी दिसली, आणि पट्ट्या इतक्या जड की करंगळीने संपच पुकारला. तिसरा साधा, बिनचकाकीचा. हलक्या बोटाने दाबला तर कुजबुजला. मग त्या इयत्तेची आठवण झाली आणि मी जरा जोरात दाबला. तो खणखणीत बोलला! पेटीला पट्टीवरचा राग कधी कळला नाही. याला कळत होता. मी तिथून हलेना.

"मॅडम, गाण्याबरोबर वाजवणार असाल तर स्केल कुठली?" विक्रेत्याने विचारलं.

"काळी चार."

तो गोंधळला. मी पट्टी दाबून दाखवली.

"अच्छा, जी शार्प! मग हे बटण दाबा आणि पांढऱ्या पट्ट्याच वाजवा. सूर आपोआप काळी चारचा येईल."

म्हणजे बघा! ज्या लबाडीपायी मी घोगरी ठरले, तिच्यासाठी आता बटण निघालंय!

"तक्त्यात दुसरा पुढे आहे, आई," चिरंजीव म्हणाले. "तिलाच विचारू." ते लेकीकडे वळले. "तुला कुठला हवा गं?"

नात मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मला? मला कुठलाच नको. माझं बॅडमिंटन आहे ना."

चिरंजिवांनी तक्त्याची घडी घातली. "मग कशाला एवढा मोठा पसारा? राहू दे ना, आई."

आणि काय सांगू, माझ्याही जिभेवर तेच आलं. तेच दोन शब्द, त्याच गोड आवाजात, मान त्याच कोनात खाली. "रा..." इथपर्यंत मी पोचलेसुद्धा होते. स्वतःचाच असा राग आला, की हात सगळाच्या सगळा पट्ट्यांवर आपटला. दुकानातली झाडून सगळी माणसं वळून बघायला लागली.

"राहू बिहू काही द्यायचं नाही! हा तिसरा घ्यायचा. मला हवाय. मी वाजवणार आहे."

"तू?" चिरंजीव.

"का? हेडफोनची भोकं मोजलीस, आई मोजायची राहिली का?"

सूनबाई पदराआड हसाव्यात तशा ओढणीआड हसल्या. नातीने पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाली, "आजी, परत एकदा आपट ना."

विक्रेत्याने घाईघाईने फॉर्म पुढे केला. पियानोबरोबर चार शिकवण्या फुकट होत्या. विद्यार्थ्याचं नाव, वय. चिरंजिवांनी सवयीने पेन उचललं. मी ते काढून घेतलं आणि नाव लिहिलं, त्यापुढे सहासष्ट.

"आजी, इथे शिकणाऱ्या मुलीचं वय लिहायचंय," विक्रेता अदबीने म्हणाला.

"तिचंच लिहिलंय," मी म्हटलं. "आणि इयत्ता विचाराल तर पहिली."