पंपातलं कातडं

स्टोव्ह आमच्या घरात आला तो माझ्या दम्यामुळे. सोवळ्यातला स्वयंपाक माझ्याकडे होता आणि चुलीपुढे बसलं की माझी छाती भरून यायची. ह्यांनी पितळी स्टोव्ह आणला, तेव्हा सासूबाईंनी तो चारी बाजूंनी निरखला. धातूच आहे, घासला की शुद्ध, असं म्हणून त्यांनी त्याला स्वयंपाकघरात घेतलं.

त्याचे नखरे मी लवकरच शिकले. ज्योत पिवळी पडली की पिन मारायची. भडका उडाला तर हवा सोडून, काकडा पेटवून पुन्हा नीट तापवायचा. पण चैत्रात पंप नुसताच खालीवर होऊ लागला. सासूबाई देवळात गेलेल्या, म्हणून दारावर आलेल्या कारागिराकडून मी तो उघडवला. "चमडा है बाई, धूप में सूखता. दो बूंद तेल डालो," तो म्हणाला.

कातड्याचा वायसर! आणि तोही सोवळ्यात. सांगितलं तर स्टोव्ह जाणार आणि मी पुन्हा धुरात. देव काही चहाडी करत नाही, असं मनाला बजावून मी आठ महिने चोरून तेल सोडत राहिले.

एका सोमवारी विसरले. सासूबाईंचा उपास, नैवेद्य व्हायचा होता.

"काय गं, हवा का भरंना? उघड की."

"हे आल्यावर बघतील."

"तवर देवाला उपाशी ठेवू? उघड म्हणते ना!"

पाठमोरी होऊन मी दांडा ओढला, पण त्या मागे येऊन उभ्याच राहिल्या.

"ते काळं काय?"

"रबर असेल."

त्यांनी वाकून वास घेतला. "कातडं आहे. ठाऊक होतं तुला?"

मी होकाराची मान हलवली. आता स्टोव्ह रस्त्यावर, असंच मला वाटलं. पण त्या पुन्हा अंघोळ करून आल्या आणि स्वतः चूल पेटवली. मी मदतीला पुढे झाले, तर म्हणाल्या, "लांब बस. तुला धूर सोसत नाही."

स्टोव्ह माझ्याकडेच राहिला, माझ्या आणि ह्यांच्यापुरता. देवाचं आणि स्वतःचं त्या रोज चुलीवर करू लागल्या, साठीच्या वयात. चार शब्द रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी इकडे पंप मारायची आणि त्यांचा खोकला ऐकायची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना खोकला नव्हता.