शिरोडकरबाईंची सुगडं

संक्रांत झाली की आमच्या चित्रकलेच्या शिरोडकरबाई मुलुंडमध्ये घरोघर फिरून वापरून झालेली सुगडं मागून आणत. लाल मातीची, झिलई नसलेली, खरखरीत. वर्गावर्गातून वेचलेले रंगीत खडूंचे तुकडे त्यांच्या पिशवीत असायचेच.

"कोरी माती तहानलेली असते गो. रंग फासू नका, तिला पाजा," असं म्हणत त्या करंगळीने खडू चोळायच्या. सुगडावर हळूहळू धुकं उतरायचं आणि धुक्यातून त्यांच्या देवगडची एखादी होडी पुढे यायची. खिडकीतल्या उन्हात खडूची पूड तरंगत असे. चाळीस मुली आपापल्या सुगडाशी बसून कुठेतरी लांब गेलेल्या असत.

मी सहावीत होते. त्या दिवाळीत माझी आई गेली होती. बाबा साकीनाक्याला कारखान्यात होते. त्यांनी आईचा फोटो ट्रंकेत ठेवला आणि तिचं नाव घेणं सोडलं. मग मीही सोडलं. पुढे पुढे बोलणंच कमी केलं.

त्या वर्षी बाईंनी सुगडं आणली त्या दिवशी मी आईचा चेहरा काढला. पोटाशी धरून घरी निघाले. वाटेत पाहिलं, तर चेहरा सगळा माझ्या फ्रॉकला लागलेला. तशीच शाळेत परत धावले. बाई वर्गाला कुलूप लावत होत्या. त्यांना पाहिलं आणि मला मोठ्याने रडू फुटलं.

"रडतंस कित्याक? खडूच तो, पुसायचाच. परत काढ."

"मला आठवतच नाही हो बाई. वर्गात काढला तोही आईसारखा नव्हता."

बाई म्हणाल्या, "ज्याला आठवतो त्याला विचार."

"बाबा रागावतील."

"रागावू देत. तू विचार." त्यांनी कुलूप काढून मला नवं सुगड आणि मूठभर खडू दिले.

संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन आले तेव्हा नव्या सुगडावर कुंकू काढता काढता मी विचारलं, "बाबा, आईचं कुंकू केवढं होतं?"

ते माझ्याजवळ खाली बसले. "एवढं मोठं नाही गं. बारीक असायचं." माझ्या हातातला खडू त्यांनी घेतला. "आणि डावी भुवई जरा वर. हसायला लागली ना, की आणखी वर जायची..." खडू चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सुगड उन्हात धरून पाहिलं. "ही भुवई कोणाच्या हातची गो?"

"बाबांच्या."

कुणाचंही चित्र पुसलं तरी हसणाऱ्या त्या बाईंनी ते सुगड वर्तमानपत्राच्या चार घड्यांत जपून गुंडाळून माझ्या हाती दिलं.

त्याच उन्हाळ्यात निवृत्त होऊन त्या देवगडला गेल्या. काही वर्षांनी तिथेच वारल्याचं कळलं. माझ्या बाबांना त्या कधी भेटल्या नाहीत. पण त्या संध्याकाळपासून आमच्या घरात आईचं नाव पुन्हा निघू लागलं, आधी चाचरत, मग रोज जेवताना.