कुंकू लागलेलं माप

पुण्याहून निघालो तेव्हा ह्वांगसाहेब मांडीवर पेटी घेऊन बसले होते. पेटीत मोजमापाची साधनं होती आणि ती डिकीत ठेवायला त्यांनी साफ नकार दिला होता. मी त्यांची दुभाषी. कोरियन शिकलेली माणसं सोलला जातात, मी मात्र निघाले नगरच्या एमआयडीसीत. मैत्रिणींनी यथेच्छ चेष्टा करून घेतली होती.

ह्वांगसाहेबांची कंपनी विमानाच्या इंजिनांचे आणि तोफांचे सुटे भाग बनवते. मागणी इतकी वाढली की तिकडचे पुरवठादार पुरेनात. म्हणून नगरच्या एका छोट्या वर्कशॉपने केलेल्या नमुन्याच्या पोलादी पिना तपासायला आम्ही चाललो होतो. पिना पास झाल्या तर काम नगरला येणार होतं.

सुप्याला चहासाठी थांबलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळ आणि त्यात मध्येच कारखान्यांच्या लांबलचक भिंती. ह्वांगसाहेब त्यांच्याकडे बघत म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा आमचीही एकच शेड होती. पाऊस आला की मशीनवर ताडपत्री टाकायचो. परदेशात पाठवलेला पहिला माल सगळा परत आला. मालकांनी त्यातला एक तुकडा जेवणाच्या टेबलावर ठेवला. वर्षभर आम्ही त्याच्याकडे बघत जेवलो."

"मग?"

"मग माल परत यायचा थांबला." त्यांनी आणखी एक चहा मागवला. आल्याचा चहा त्यांना फारच आवडला होता.

वर्कशॉपच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. खंडेनवमी. तपासणीची तारीख कोरियातून आली होती, आणि वर्कशॉपचे मालक भाऊसाहेब गर्जे यांना "नाही" म्हणायचं धाडस झालं नव्हतं. आत पाट मांडून सगळी हत्यारं पूजली होती. पाने, हातोड्या, मोजायची साधनं आणि टोकाला एक ऊसतोडीचा कोयता. सगळ्यांना हळदकुंकू आणि एकेक फूल.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," भाऊसाहेब मला म्हणाले. "पन पावनं लांबून आल्यात. देवाला सांगून ठिवलंय."

कोयता विष्णूचा होता. विष्णू इथला मशीन चालवणारा, भाऊसाहेबांच्याच तिसगावचा. त्याचं घर दरवर्षी ऊसतोडीला जातं. हातातलं काम संपत आलं होतं. नवं आलं नाही तर दसऱ्यालाच तोही भावाच्या टोळीबरोबर जाणार होता. "उद्या दुपारी तिसगावातून ट्रक निगनार," तो सरळ म्हणाला. "आज काय ठरतंय, त्याच्यावर हाय ताई."

मोजणी सुरू झाली. पूजेतला, वर्कशॉपचा मापाचा पोलादी ठोकळा घेऊन त्याच्या उंचीवर पेटीतलं यंत्र लावायचं आणि मग त्याच उंचीशी प्रत्येक पिन ताडून बघायची, अशी पद्धत. पहिली पिन कमी भरली. दुसरीही. मग सगळ्याच. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "आमी पूजेच्या आदी मोजल्याल्या हायती. बराबर हुत्या."

सगळ्या सारख्याच कमी कशा, एवढंच ह्वांगसाहेब पुटपुटले. त्यांनी ठोकळा उचलला आणि त्याच्या तळावरून पांढरं कापड फिरवलं. कापडावर लाल रेघ उमटली.

पूजेचं कुंकू ठोकळ्याच्या खाली गेलं होतं आणि ठोकळा त्या कणांवर उभा राहून तेवढाच उंच झाला होता. म्हणून पिना बुटक्या दिसत होत्या.

"मीच लावलं," भाऊसाहेब म्हणाले. "सगळ्यात भारी हत्यार म्हनून त्याला जरा जास्तच लावलं."

मी शब्दन्शब्द सांगितलं. ह्वांगसाहेब म्हणाले, "आमच्याकडे नवं मशीन आलं की त्याच्यासमोर डुकराचं मुंडकं ठेवून सगळे वाकून नमस्कार करतात. पण मुंडकं मशीनच्या आत नाही ठेवत." मला हसू आलं, त्यांना नाही. ही विमानाची पिन आहे, माप चुकलं तर माणसं मरतात, असं त्यांनी सुनावलं. आजची मोजणी रद्द. ठोकळा धुऊन पिनांच्या तापमानाला येईपर्यंत रात्रभर याच खोलीत ठेवायचा, सकाळी पुन्हा मोजायचं, आणि दुपारी ते निघणार.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी आम्हाला खानावळीत शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या, झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या वळ्या) खाऊ घातले. ह्वांगसाहेबांनी घाम पुसत दुसरी वाटी मागितली. भाऊसाहेब मात्र चिवडत बसले होते. मी त्यांना जेवणाच्या टेबलावरच्या तुकड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती दोनदा ऐकली आणि मग पोटभर जेवले.

दसऱ्याची सकाळ. या वेळी पिना बरोबर भरत होत्या. प्रत्येक पिन आधी भाऊसाहेब मोजत, मग ह्वांगसाहेब. मध्येच भाऊसाहेबांचा हात थांबला. ती पिन खरोखरच कमी होती. ह्वांगसाहेब खाली बघून लिहीत होते. विष्णू हळूच म्हणाला, "भाऊ, ती मागं सारा की."

खरं सांगते, त्यांनी ती मागे सारावी असंच मलाही वाटत होतं.

"न्हाई," म्हणत भाऊसाहेबांनी पिन ह्वांगसाहेबांसमोर ठेवली. "ह्यांना सांगा ताई, ही गेली. बाकीच्या मोजू."

बाकीच्या सगळ्या पास झाल्या. ह्वांगसाहेबांनी पेटी बंद केली. "सुरुवातीचं काम थोडंच असेल," ते म्हणाले, "पण ते इथंच होईल. पिन मला दाखवली नसती तर झालं नसतं." मी ते मराठीत सांगितलं.

भाऊसाहेबांनी ती नापास पिन पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. "हितून म्होरं पूजा हिची. मापाला कुंकू न्हाई." ह्वांगसाहेबांनी कमरेत वाकून तिला नमस्कार केला. बाहेर विष्णू फोनवर होता. "न्हाई येत मी. तुमी निगा. व्हय, काम मिळालं." कोयता पाटावरच होता, कालचं फूल सुकून त्याच्या मुठीला चिकटलं होतं.

परतताना शिरूरच्या अलीकडे एका ट्रकच्या मागे अडकलो. भांडी, गोधड्या, बायका, पोरं. ह्वांगसाहेबांनी विचारलं, "ही माणसं कुठं निघाली?" ऊस तोडायला, असं मी सांगितलं; विष्णूही आज असाच जाणार होता आणि पाटावरचा कोयता त्याचा, हेही. आमची गाडी पुढे निघाली तरी ट्रक दिसेनासा होईपर्यंत ते वळून बघत राहिले. नगरहून मी काय घेऊन आले असं कोणी विचारलं, तर मला तो ट्रक आठवतो, आणि त्यात न बसलेला एक माणूस.

"पुढच्या वर्षी हा सण कधी आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काळजी करू नका, त्या दिवसाची तारीख पुन्हा देणार नाही."

"नाही, त्याच दिवसाची द्या," ते म्हणाले. "तो कोयता अजून तिथंच आहे का, ते मला बघायचं आहे."