चाळीसजणींचं ‘नाही’

माझ्या मावशीला अख्खी वस्ती ‘बांगडी’ म्हणते. खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचता वेचता तिची साठी उलटली. कमरेच्या दोरीला लेकीची लहानपणची पितळी बांगडी बांधलेली असते. काढलेली शिंपली त्या बांगडीतून घालून बघायची. आरपार गेली तर लहान, परत चिखलात. हा नियम तिचाच. त्यावरून बायकांनी तिला कमी शिव्या घातल्या नाहीत, त्यात मीही होते.

शिंपल्या संपत आल्या तेव्हा तिने घरोघरी फिरून, हातापाया पडून दक्षिणेकडचा चिखल तीन वर्षं बंद ठेवायला लावला. तीन वर्षं आम्ही पोटाला चिमटा काढला. सख्ख्या सुनेची भरलेली टोपली तिने तिच्यादेखत चिखलात ओतली. सून महिनाभर बोलली नाही. पण खाडी भरली. शिंपल्या बांगडीत अडकू लागल्या, पाखरं परतली, आणि पाखरांच्या मागोमाग वनखात्याचे साहेब लोक आले.

तिसरं वर्ष सरता सरता त्यांच्या पाहणीवाल्यांनी त्या बंद चिखलाचा फॉर्म आणला. ‘या चिखलातून शिंपल्या काढता का?’ आम्ही चाळीसजणींनी छाती फुगवून सांगितलं, ‘नाही! एकसुद्धा नाही!’ मावशीने तर दोनदा सांगितलं. केवढा अभिमान वाटला होता! त्या ‘नाही’खाली आम्ही सह्या ठोकल्या. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

चौथ्या वर्षी टोपल्या घेऊन गेलो तर समोर फलक: राखीव क्षेत्र, प्रवेश बंद. का, तर कागदोपत्री इथे कोणी येतच नव्हतं.

मावशी मला घेऊन कचेरीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याचाच मला जास्त राग येतो. खुर्ची दिली, पाणी दिलं, मग हळूच म्हणाला, “मावशी, एक वाट आहे. लिहून द्या, त्या तीन वर्षांतही तुम्ही गुपचूप काढत होतात. म्हणजे वापर सिद्ध होतो, हक्क मिळतो.”

“म्हणजे चोरी केली असती तर चिखल आमचा झाला असता?”

“तसं नाही हो...”

“तसंच आहे! सुनेच्या तोंडचा घास काढला मी. आणि आता लिहून देऊ, चोरत होते म्हणून? ठेवा ते पेन तुमच्याकडेच.”

घरी येता येता तिने दारोदारी निरोप दिला, उद्या ओहोटीला टोपल्या घेऊन या. माझ्या मात्र डोक्यात नुसती आग होती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही चाळीसहीजणी फलकाला वळसा घालून चिखलात उतरलो. सगळ्यांत पुढे मावशी, तिच्यामागे सून. रखवालदार धावत आला, गुन्हा नोंदवायला वही काढली आणि दरडावून नावं विचारू लागला. दोघीतिघी मागे सरल्या. मावशीने पहिली शिंपली बांगडीतून घातली. आरपार गेली. तिने ती परत चिखलात खोचली आणि ताठ उभी राहिली.

“लिही बाबा, सगळ्यांची नावं लिही. आजची तारीख घाल, खाली शिक्का मार. कळू दे तुझ्या साहेबाला, इथे कोण येतं ते.”