फाटकाकडे पाठ

शाळेची घंटा वाजवणाऱ्या बाईला मुलं घंटामावशी म्हणत, आणि तिच्या माघारी मुख्याध्यापकही. तोंडाने फटकळ, गुडघ्यांनी कुरकुरी. कुठल्या शिक्षिकेचं कुणाशी फाटलंय हे त्या शिक्षिकेच्या आधी मावशीला कळायचं, आणि मावशीला कळलं की मग कुणाला कळायचं राहत नसे.

एक गोष्ट मात्र एकोणीस वर्षं तिने पोटात ठेवली होती. शाळा चारला सुटायची. सव्वाचारला, आईबाप सातपर्यंत कामावर असलेली काही मुलं फाटकाशी उरायची. त्यांना ती नकाशांच्या खोलीत नेऊन बसवी. गुंडाळलेले नकाशे, एक सतरंजी, कलंडलेला पृथ्वीगोल. खोलीत बारा मुलं मावत. तेरावं आलं की कुणाचा तरी पाय लागून पृथ्वी कपाटाखाली जायची. परवानगी कुणी दिली नव्हती, कारण तिने मागितलीच नव्हती.

एका विमेवाल्याची मुलगी नेमकी तेरावी निघाली आणि बाहेर राहिली. त्याने शाळामंडळाकडे अर्ज ठोकला, "माझ्या मुलीने काय घोडं मारलंय?" झालं! शाळेनंतर मुलांची सोय कुणाची करायची यावर सभा सुरू झाल्या. कुणी म्हणे फी लावा, कुणी म्हणे चिठ्ठ्या टाका. अध्यक्षीणबाई न्यायावर फार सुंदर बोलत. त्यांच्या नातवंडांना न्यायला ड्रायव्हर यायचा, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर होता.

तिसऱ्या सभेला त्यांनी मावशीला बोलावलं, बसायला खुर्चीही दिली.

"मावशी, मुलं निवडता कशी?"

"निवडते कसली, बाई? दिसतं ते. ज्याला न्यायला कुणी येणार असतं ते पोर फाटकाकडे बघत राहतं. रडतं. रडणाऱ्याला मी पाणी देते, आत नेत नाही. त्याचं माणूस येतंच. काही पोरं फाटकाकडे पाठ करून उभी असतात. त्यांना ठाऊक असतं. त्यांना नेते."

लेखनिकाने लिहून घेतलं: निकष, फाटकाकडे पाठ. दुसऱ्या दिवशी तो कागद फलकावर लागला. मावशी घरी जावेला तीनदा सांगत होती, "खुर्ची दिली गं मला."

सोमवारी सव्वाचारला फाटकाशी चव्वेचाळीस मुलं उभी होती. सगळी पाठ करून. एकाची आई कोपऱ्यावर स्कूटर सुरू ठेवून थांबलेली, आणि तो मान तिरपी करून विचारतोय, "आई, वळू का आता?" सगळ्यांत ताठ विमेवाल्याची मुलगी. आणि या पलटणीत मावशीची खरी बाराही होती. त्यातली सर्वांत लहान भिंगरी. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. सातच्या आत सुटका नाही. एरवी जमिनीला पाय न लागणारी ती पोर फाटकाशी आली की खांबासारखी उभी राही.

मावशीने बाराजणांना हाक मारली. विमेवाला हातात कागद घेऊन तयारच होता. "निकष माझी मुलगीही पूर्ण करते. बोला!"

"ढोंगं आहेत ही, साहेब," मावशी मुख्याध्यापकांना म्हणाली.

"पाठ बघून ढोंग सिद्ध कसं करायचं, मावशी?"

मंडळाने आठवड्यात निकाल लावला. सर्वांची सोय होईल एवढी जागा होत नाही तोवर कुणाचीच नको. फाटक साडेचारला बंद. कर्मचाऱ्याने आवारात किंवा रस्त्यावर मूल सांभाळलेलं दिसलं तर नोकरी जाईल. ठराव एकमताने मंजूर झाला. विमेवाल्याने टाळ्याही वाजवल्या. त्याची सासू एव्हाना कायमची राहायला आली होती. त्याला आता फक्त तत्त्व हवं होतं.

मावशीने अध्यक्षीणबाईंना जिन्यात गाठलं. "बाई, त्या बाराजणांचं तरी..."

"बाराजणांना द्यायचं आणि बाकीच्या बत्तीसजणांना नाही, हा अन्याय नाही का?"

"आहे."

"मग?"

मावशी जिना उतरली. निवृत्तीला दोन वर्षं होती, नवरा अंथरुणाला खिळलेला.

पहिल्याच दिवशी अकरा मुलं कुठे कुठे पांगली. कुणाच्या गळ्यात घराची किल्ली, कुणी वाण्याच्या दुकानाच्या फळीवर. साडेचारला मावशीने फाटक ओढलं तेव्हा भिंगरी बाहेरच्या पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसली होती.

"पायरीवरून हलू नकोस हं. रस्त्यात जाऊ नकोस."

"हं."

"आईला सांगितलंयस ना, इथेच आहेस म्हणून?"

"हं."

"अगं, बघ तरी इकडे."

भिंगरी बघेना. मावशीने पुन्हा हाक मारली. ती पाठ तशीच राहिली, शांत, ताठ, आणि मावशीला पाठी वाचता येत होत्या.

तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. लागलं होतं.