वेगाला घाबरणाऱ्या मॅडम

काम लवकर झालं की लोक खूश होतात. आमच्या मॅडम घाबरायच्या. अमरावतीच्या आमच्या लहानशा कंपनीत सगळ्या यंत्रणांची तपासणी त्यांच्याकडे असे. मूळच्या बार्शीटाकळीच्या. मोजणीचा कागद समोर ठेवला की न वाचताच म्हणायच्या, "पुन्हा मोज." म्हणून माघारी सगळे त्यांना 'पुन्हामॅडम' म्हणत.

अकोल्यातल्या एका रक्तपेढीचा सर्व्हर आम्ही सांभाळायचो. तो फार संथ चालतो, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. त्यावर बाहेरून एक पॅच आला. फाइली डिस्कवर कशा लिहायच्या हे यंत्रणेच्या गाभ्यात, कर्नलमध्ये ठरतं. तिथलीच ती दुरुस्ती. तिचा परिणाम मोजायचं काम माझ्याकडे आलं. लिहिण्याचा वेग जवळजवळ दुप्पट निघाला. आलेख घेऊन मी धावतच गेलो.

"एवढं जलद काहून होऊन राहिलं?" मॅडम हसल्या नाहीत. "यानं कोणतं काम करनं सोडलं, ते मले सांग."

फाइली लिहिणं चालू असतानाच त्यांनी मला चाचणीच्या यंत्राचा प्लग उपटायला लावला. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर फाइलींची नावं जागेवर होती, आत मात्र काहीच नव्हतं. पुन्हा केलं, सगळं ठीक. आणखी एकदा केलं, पुन्हा रिकामं.

"नेहमीच बिघडलं असतं तं बरं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "हे कवा कवा बिघडते. कोनाले दिसनार नाई."

पुढच्या आठवड्यात मॅडम भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. कंपनीचे साहेब म्हणाले, "वेगाचा आलेख तेवढा पाठव." मी पाठवला. प्लगची गोष्ट लिहिली नाही. मॅडमना न कळवताच अकोल्याच्या सर्व्हरवर पॅच बसला.

मे महिन्यात अकोल्याची लाइट भरदुपारी गेली आणि बॅटरीही बसली. फोन येताच मॅडम मला घेऊन निघाल्या. पोचलो तेव्हा फ्रीजमध्ये रक्ताच्या पिशव्या व्यवस्थित होत्या, पण त्यांच्या तपासण्यांच्या नोंदी कोऱ्या झाल्या होत्या. तपासणीशिवाय रक्त देता येत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या एका मुलीचा बाप खिडकीशी उभा होता.

"पिशवी तं दिसून राहिली ना मॅडम! द्या ना!"

मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. राखून ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी पुन्हा सुरू झाली. एकेक निकाल त्या स्वतःच्या हाताने वहीत उतरवत राहिल्या. रक्त मिळायला संध्याकाळ झाली. पोरगी वाचली.

परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "आकडा खोटा नोयता तुहा. अर्धा होता." रक्तपेढीत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

अकोल्यातला पॅच त्याच दिवशी काढला. नंतर कळलं, माझा तोच आलेख साहेबांनी आणखी बऱ्याच ठिकाणी पाठवला होता आणि तिथेही तो पॅच बसला होता. कुठे कुठे, त्याची यादी कोणाकडेच नाही. मॅडमनी नोकरी सोडली. आता घरी बसून, तो पॅच काढा म्हणून, त्या जुन्या ग्राहकांना एकेक करून फोन लावतात. परवा मी भेटायला गेलो, तेव्हा फोनवर पलीकडून कोणीतरी हसत होतं, "मॅडम, मशीन तं मस्त पळून राहिली. कायले हात लावू?"