संत योसेफाला जरा थांबायला सांगा

"मॅलिग्नंट आहे," डॉक्टर म्हणाले. मॅलिग्नंट म्हणजे साधी नव्हे, कर्करोगाची गाठ. माझी गाठ स्वरयंत्रावर होती.

"तंबाखू?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "मिश्री लावता?" तेही नाही. "मग?"

"फक्त बोलते," मी म्हटलं. तेही घोगऱ्या आवाजात, कारण आवाज बसून दोन महिने झाले होते.

डॉक्टर हसले नाहीत. माझा नवरा आंतोन मात्र हसला आणि लगेच रडला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. रविवारी चर्चमध्ये बायबलचं पहिलं वाचन माझं, नाताळचं नाटक माझं, कोल्हापूरजवळच्या उचगावातल्या आमच्या गल्लीतली भांडणं मिटवणंही माझंच. मी एकच विचारलं, "आवाज जाणार?"

"आधी रेडिएशन देऊ, म्हणजे किरणांनी गाठ जाळू. त्यानं भागलं नाही तर स्वरयंत्र काढावं लागेल. आणि मॅडम, आजपासून बोलणं बंद. कुजबुजणंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो."

आमच्या घरी रोज सकाळच्या चहाबरोबर त्या दिवसाच्या संताचं चरित्र वाचतात. आंतोन वाचतो, मी सोंग काढते. लहानपणापासून हे संत मला शेजाऱ्यांसारखे. कोण तापट, कोण हट्टी, कोणाचं बिशपांशी पटत नव्हतं, सगळं पाठ. आता सोंगातले संवाद बंद झाले, तेव्हा मला आठवला संत फ्रान्सिस द सेल्स. लोक त्याचं ऐकायला तयार नव्हते, तेव्हा हा गडी कागदावर लिहून दारांखालून सरकवायचा. मी टाळीच वाजवली. त्या दिवसापासून आंतोन अंघोळीला गेला की दाराखालून चिठ्ठी आत जायची: "गॅस मी बंद केला. नेहमीप्रमाणे."

रेडिएशनला आधी चेहऱ्या-मानेवर जाळीचा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला पक्का करतात, म्हणजे तुम्ही हलू नये. दुखत नाही, पण गुदमरल्यासारखं होतं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष ठेवा, भीती ओसरते. मी संत लॉरेन्सला बोलवायचे. त्याला लोखंडी जाळीवर भाजलं, तर म्हणे त्यानंच सुनावलं की ही बाजू झाली, आता उलटा करा. हीच गोष्ट मी मशीनवरच्या मुलाला लिहून दाखवली.

तो म्हणाला, "मॅडम, हितं मशीनच फिरतंय की! तुम्ही कशाला उलटं हुताय?"

पुढे म्युकोसायटिस झाला. म्हणजे तोंड आणि घसा आतून सोलवटतो. पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मी पेज आणि थंड दुधावर होते, मानेची कातडी काळी पडली होती. कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याचा नुसता वास घ्यायचा, याच्यापुढे हुतात्म्यांचे हालही काहीच नाहीत.

अशा एका दुपारी मार्थामावशी पाच-सहा बायका घेऊन आल्या. आमच्या चर्चमध्ये आजाऱ्याच्या घरी जपमाळ करायची पद्धत आहे आणि मावशी त्यातल्या पुढारी. त्या माझ्या पलंगाभोवती गुडघे टेकून बसल्या आणि प्रार्थना सुरू झाली. संत योसेफाची. आता हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, संत योसेफ हा चांगल्या मरणाचा आश्रयदाता. शांतपणे प्राण जावा म्हणून त्याला विनवतात.

मी जिवंत, शुद्धीवर, आणि बोलायला बंदी! बायका "तिच्या अखेरच्या घटकेला" म्हणत होत्या आणि मी हातवारे करत होते. मावशींना वाटलं, मला भरून आलंय. त्यांनी आवाज वाढवला.

मी कागद ओढला, लिहिलं आणि आंतोनच्या हातात कोंबला. त्यानं वाचलं, घसा खाकरला, परत वाचलं. मी डोळे वटारले.

"ती म्हणत्या," आंतोन चाचरत म्हणाला, "मी मरायला न्हाय, गप्प बसायला घरात हाय. योसेफाला जरा थांबायला सांगा. मला घशाचा संत ब्लेझ पायजे."

मग मावशी फणकारल्या, "अगं, आधी केल्याली प्रार्थना काय वाया जात न्हाय!"

मी पुन्हा लिहिलं, "मग तुमच्यासाठी करू?"

एक बाई फिसकन हसली. मावशींनी जपमाळ गुंडाळली, पण गेल्या नाहीत. पुन्हा गुडघे टेकले आणि ब्लेझसाठी पहिल्यापासून सुरुवात केली.

घशात माशाचा काटा अडकलेल्या पोराला ब्लेझनं वाचवलं, म्हणून त्याच्या सणाला फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या घशाला टेकवतात. माझी मान पाहून फादरांनी त्या वीतभर लांबच धरल्या. तेव्हा मात्र माझी सगळी मस्ती उतरली. आवाज गेला तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं. मावशींनी मागून माझं कोपर धरलं आणि जागेवर येईपर्यंत सोडलं नाही.

उन्हाळ्यात लॅरिंगोस्कोपी झाली, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्यानं स्वरयंत्र पाहिलं. "गाठ दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "तपासण्या चालू राहतील. आता बोलायला हरकत नाही, पण आवाज पूर्वीसारखा होणार नाही."

संतांनी मला डॉक्टर टाळायला शिकवलं नाही, म्हणून मी हे लिहू शकते. तुमचा आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर हळद-दूध बाजूला ठेवा आणि घसा दाखवून या. मी दोन महिने काढले, तुम्ही काढू नका.

पुढच्याच रविवारी मी वाचनाला उभी राहिले. फादरांनी दुसरी बाई तयार ठेवली होती. तिला मी हातानंच बसवलं. आवाज निघाला तो जुन्या ट्रॅक्टरचा. पुढच्या बाकावरची पोरं खिदळली. अर्ध्यात आवाज पार तुटला. आंतोन उठू लागला, त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो खाली बसला. पाणी प्यायले. तेच वाक्य पहिल्यापासून वाचलं, जरा मोठ्यानं.

"हा प्रभूचा शब्द," मी संपवलं.

"देवाला धन्यवाद," लोक म्हणाले. इतकी वर्षं त्यांचं म्हणून होण्याआधीच मी वेदीच्या पायऱ्या उतरायचे. त्या दिवशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.